लोखंडाची रेघ

उद्यमबागेतली दुसरी पाळी सुटली
की बाबा साडेबाराला अनगोळच्या घरी येतात,
कानाच्या पाळीमागे काळी वाळू.
मी गच्चीवर. मांडीवर लॅपटॉप,
पायाशी डासांची अगरबत्ती.
'अजून काय करूलैस गे?'

दीर्घिका बघतेय म्हणावं, तर बघत काहीच नाही.
वर ढग आहेत, आणि नसते तरी
क्ष-किरण हवेतून खाली उतरत नाहीत.
उपग्रहाने मोजलेले फोटॉन फक्त:
शंभर सेकंदांत एकेचाळीस,
पुढच्या शंभरात अडतीस,
असंच बराच वेळ, आणि मग
चढत चढत नव्वद.
मध्येमध्ये कोरी जागा,
उपग्रह पृथ्वीच्या आड गेला तेव्हाची.
'लोडशेडिंग,' बाबा म्हणतात.
हो. दर दीड तासाला.

क्ष-किरण ते माझ्याआधीपासून ओळखतात.
पंपाच्या कव्हरची फिल्म उजेडावर धरून
तेवीस वर्षं पोकळ्या हुडकल्या.
डाग दिसला की नग बाद.
इथं उलटं आहे बाबा,
इथं पोकळीच कामाची.
तिच्याकडे ओढला जाणारा वायू तापतो,
अर्ध्या तासात उजेड दुप्पट होतो,
म्हणजे प्रकाशाला अर्ध्या तासात ओलांडता येईल
एवढीच ती जागा.
सूर्यापासून निघालं तर गुरूसुद्धा लागायचा नाही.

ते रेघेवर बोट ठेवतात.
काचेवर वाळूचा कण राहतो,
जास्तीच्या एका नोंदीसारखा.
'भट्टीत भंगार टाकलं की अशीच उसळती.'

चार महिने मी हिच्यात ताल शोधला,
वडगावच्या मागांसारखा एखादा ठोका.
सापडला वाटला. सरांना मेलसुद्धा लिहिला.
आणखी वीस दिवसांची मोजणी जोडली
आणि ठोका विरून गेला.
मेल पाठवला नव्हता, बरं.

'त्यात लोखंड आहे,' मी म्हणते.
बाबा पहिल्यांदाच नीट मांडी घालून बसतात.
'कुठल्या ग्रेडचं?'

ताणलेलं. वर्णपटातली त्याची रेघ
एका अंगाने ओढल्यासारखी,
त्या खोलातून वर येताना दमलेली.
आणि ते उशिरा उजळतं.
आधी आतला जाळ,
मग दोनशे सेकंदांनी लोखंड.
त्या उशिरावरून अंतर काढायचं.

खाली आई कुंपणावरून विचारते,
'नळ आला काय वो?'
अंधारातून, थोड्या वेळाने, इराव्वा:
'बंतु, बंतु.'

आठव्या दिवसाचं पाणी. बाबा उठतात.
जिन्यात थांबून, 'हे कधीचं म्हणालीस?'
वीस कोटी वर्षांपूर्वीचं.
'मग इझली असंल आता.'
असेल. ते कळायला इथंच थांबावं लागेल,
आणखी वीस कोटी.

मी पुढचा बिंदू मांडते,
त्याच्या वर-खाली शंकेची उभी काडी.
खाली पहिल्या घागरीतला आवाज
बारीक होत, चढत, काठाशी येतो
आणि कुणीतरी घागर बदलतं.