वायपीचं वायजी

भाच्यानं पुण्याहून आणलं ते वीतभर इंजिन,
काचेच्या पेटीत, खाली निळी मखमल,
पुढे पितळी पट्टी: वायपी.
बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला,
पेटी दाराच्या उजेडात नेली,
बोटानं हवेतच चाकं मोजली.
'झ्याक आहे,' म्हणाले. आणि बऱ्याच वेळानं,
'पण हे पॅसेंजरचं.
मी कुठं कधी पॅसेंजर नेली?'

एकतीस वर्षं मिरज ते लोंढा,
साखर, सिमेंट, मँगनीजची लाल धूळ,
आणि दर दोन-तीन स्टेशनांनी
लूप लाइनीत घालून उभं राहणं.
मागून पॅसेंजर येतेय, तिला वाट द्या.

'बदलता येईल?' मी विचारलं.
'बॉयलर दोघांचा एकच,' ते म्हणाले.
'फरक पायांत.'

मग रोज रात्री, माझी ड्युटी संपल्यावर,
टेबलावर जुना पेपर,
त्यावर उताणं पडलेलं इंजिन, पोट उघडं.
पुढची चार छोटी चाकं काढली, तिथं दोन.
सहा उंच चाकं काढली, तिथं आठ बुटकी.
पाय आखूड झाले तशी सगळी बॉडी खाली बसली,
म्हातारी माणसं बसतात तशी, जरा तिरकी.
पत्र्याच्या चकत्या घालून तिला उचललं.
मुदत संपलेल्या इंजेक्शनच्या सुया कापून
वाफेचे पाइप केले.
बाबांचा हात कापतो. डाग मीच द्यायचे.
'ड्रेसिंग करतेस ना, तसं,' ते मागून सांगायचे,
'आणि फुंकू नकोस, गार होऊ दे.'

धरायच्या दांड्यांना तार हवी होती.
सतारमेकर गल्लीतून दस्तगीरचाचांनी दिली,
तानपुऱ्याच्या खर्जाची, पितळी,
पैसे घेतले नाहीत.

रुळावर ठेवलं. सरळ छान गेलं.
वळणावर घसरलं.
पुन्हा ठेवलं, पुन्हा तिथंच.
तीन रात्री घसरत राहिलं
आणि बाबा माझ्याशी बोलेनात,
जणू मीच पॉइंट चुकवला होता.

चाचा आले ते कानस घेऊनच.
बघितलं नाही, टेबलाला कान लावून
दोन फेऱ्या नुसत्या ऐकल्या.
'शमूभाई, आठही चाकं रूळ धरून ठेवायला बघतात.
एका जोडीनं सोडायला पाहिजे.'
तिसऱ्या जोडीची कड त्यांनी घासून सपाट केली,
दर चार हातांनी थांबून, फुंकर मारून.
'जवारी काढताना हेच असतं.
घोडीवर तारेला जरा जागा मिळाली, की ती बोलते.'

बोललं. वळणावरून गेलं, आवाज बदलून.
आणि ते फिरत असताना बाबाही बोलले,
इंजिनाकडेच बघत:

कुडचीला लूपमध्ये उभा होतो एकदा.
तू पोटात होतीस, आई बेळगावला माहेरी निघालेली.
तिची गाडी शेजारी येऊन थांबली, तीन मिनिटं.
बायकांचा डबा माझ्यासमोरच.
मी हात केला.
कोळशानं माखलेला कुणी बाप्या हात करतोय बघून
तिनं खिडकी खाली ओढली.

'मग सांगितलंत का तिला?'
'कशाला. ओशाळली असती.'

आता पेटीत वायपीची पट्टी तशीच आहे,
ती बदलू देत नाहीत.
काढलेली चाकं खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत.
काल संध्याकाळी बघते तर
इंजिन लूपमध्ये उभं, करंट बंद,
बाबांचा चहा निवलेला.
'काय झालं?'
'काही नाही. पॅसेंजर जाऊ दे.'

मेन लाइन रिकामी होती.
मी डबी उघडली, उंच चाकांची एक जोडी काढली,
रुळावर ठेवली आणि बोटानं ढकलली.
ती एकटीच गडगडत आली,
इंजिनाच्या बाजूनं पुढे गेली.

बाबांनी हात केला.
मी खुर्चीवरून जराशी पुढे वाकून
हात केला.