जा

सोहार बंदर. ब्रेक साडेसातला.
केबिनची काच सरकवली की खारी, गरम वाफ आत येते,
आणि फोनमधून तहूरा, दाभोळहून:
अब्बा, शिडी दहा मीटर, जमिनीशी साठ अंश,
टोक भिंतीला किती उंचावर टेकेल?
उत्तर मागच्या पानावर आहे,
पण ते तेच का, ते नाही.

शिडी सोड, म्हटलं. माझी बूम घे.
चाळीस मीटर. हा तुझा कर्ण.
साठ अंशांवर उभी आहे, तर हूक माझ्यापासून किती लांब?
कोसाइन साठ म्हणजे अर्धा. वीस मीटर.
आणि उंच?
साइन साठ, साइन साठ, ती पुटपुटते,
पेन्सिलची खरखर इथवर ऐकू येते.
चौतीस पूर्णांक चौसष्ट.
शाब्बास. आता बूम जिथे बसवली आहे
ते दोन मीटर वर धर.
पुस्तक ते विसरतं. मला विसरून चालत नाही.

मग तीसवर आणू या का?
लांबी आणि उंची जागा बदलतात.
हात दूरवर पोचतो, बेटा,
पण तेवढं वजन मग पेलवत नाही.
हे तुझ्या धड्यात नसेल,
माझ्या सीटमागे तक्ता चिकटवलाय, त्यात आहे.

खाली हिलाल, आमचा इशारेवाला पोरगा,
वडिलांची मास्तरकीतली वही दाखवायला शिडी चढून आला.
साइनसाठी त्यात दोनच अक्षरं, उजवीकडून डावीकडे:
जा.
मी हसलो, त्याला कळेना का.
आमच्यात हे कुणी म्हटलं की
माणूस बॅग भरतो.
जैब, तो म्हणाला, त्याचं हे छोटं रूप. म्हणजे खिसा.
तुमच्याकडूनच आला म्हणे हा शब्द.
ज्या, तहूरा फोनवरून ओरडली, धनुष्याची दोरी!
सरांनी सांगितलंय!

म्हणजे तिकडून निघाली तेव्हा दोरी होती,
ताणलेली.
इथे उतरली आणि खिसा झाली.
मी माझा चाचपला. लेबर कार्ड,
मनी एक्स्चेंजची चुरगळलेली पावती.
बाकी काही नाही.

भोंगा झाला. हिलाल खाली जाऊन अंगठा वर करून उभा.
ठेवतो, म्हटलं.
थांबा ना, पुढचं नुसतं ऐका:
दीपगृहाच्या माथ्यावरून एक बोट दिसते,
अवनत कोन तीस अंश...
बोटीत कोण आहे?
ते दिलेलं नाही, अब्बा.
बरं. आकृती काढून ठेव.
पाळी सुटली की बघतो.