काढून टाकणे

रेडरुथच्या खाली, बंद पडलेल्या खाणीच्या तोंडातून
पाणी येतं अजून, गंजाच्या रंगाचं.
कथील परवडेना, माणसं उठून गेली समुद्रापार,
पाण्याला कुणी सांगितलंच नाही.

न्यूलिनच्या धक्क्यावर लव्हडे ट्रेगियर
दर गुरुवारी खेकड्यांची कवचं देते, गोणीभर,
आणि विचारते, "सूप करतेस का गं एवढ्याचं?"
मी हो म्हणते. सोपं पडतं ते.

कवचं धुवायची, दळायची, कॉस्टिकमध्ये शिजवायची,
मग व्हिनेगरात विरघळवायची.
टेकडीवरच्या काटेरी गोर्सचा कोळसा,
चुंबकाला भुलणारं लोखंडाचं काळं पीठ,
सगळं एकत्र घोटून
थेंब थेंब सोडायचं पुन्हा कॉस्टिकच्या पाण्यात.
थेंब पडतो आणि जागीच मणी होतो.
काळा साबुदाणा म्हणते मी त्याला.
अहवालात लिहिते : संकरित संमिश्र.
समुद्राचं, टेकडीचं, भट्टीचं,
ज्यांची आपसात कधी सोयरीक झाली नसती.

आमच्या आजऱ्याकडे
माठाच्या कडेला निवळीचं बी उगाळायचे.
गाळ तळाशी बसायचा,
आणि लोक वरचं पाणी प्यायचे, तळाकडे न बघता.
सोमल मात्र गढूळ दिसत नाही.
नितळ पाण्यातही असतो तो, शहाण्यासारखा गप्प.

काल डेन्झिल ट्रेम्बाथ आला. एक्क्याऐंशीचा,
हा ओढा त्याच्याच गोठ्यामागून जातो.
मी बरणीत मणी टाकले, हलवले,
बाहेरून चुंबक लावला,
सगळे काचेला येऊन बिलगले, मुंग्यांसारखे.
आकडा दाखवला : शंभरातले सत्त्याण्णव गेले.
"गेले कुठे?"
काढून टाकले, म्हटलं.
"हो, पण टाकलेस कुठे?"

माझ्या भाषेत बरं असतं.
सांगून टाकलं, करून टाकलं, संपवून टाकलं,
कुठे टाकलं ते कुणी विचारत नाही.

मग त्याला कोपऱ्यातलं निळं पिंप दाखवलं.
वापरलेले मणी. चारदा धुतले की पाचव्यांदा थकतात.
नाहीसं काही करत नाहीत, म्हटलं,
धरून ठेवतात. एवढंच येतं त्यांना.

डेन्झिलने हातमोजा चढवला,
एक मणी तळव्यावर घेऊन
खिडकीकडे धरला, बराच वेळ.
"बापाची फुप्फुसं हेच करायची," म्हणाला.
"फक्त त्यांच्यावर लेबल नव्हतं."

तो गेल्यावर पिंपाचं झाकण मी दोनदा तपासलं.
बाहेर ओढा तसाच, नारिंगी, आपल्या घाईत.
टेबलावर बरणीभर निवळलेलं पाणी,
आणि बोटांना खेकड्याचा वास, साबणाला न जुमानणारा.
येत्या गुरुवारी लव्हडेला सांगायला हवं,
सूप नव्हतं ते.