राखणदाराचा पास

पास वर्षातून एकदाच,
मार्गशीर्षातल्या अवसेला, सकाळी सात ते नऊ,
तोही एकाच माणसाचा.
पूर्वी अख्खा गाव हा सडा चढायचा.

गेटवर टोप्पो हवालदार रजिस्टरात लिहितो:
नारळ एक, विड्याची पानं पाच,
कोंबडा एक, जिवंत.
मोबाईल जमा.

राखणदाराचा दगड होता तिथेच आहे.
त्याला छप्पर चालत नाही.
त्याच्यामागे डोंगराला आता दार आहे,
जांभ्याच्याच रंगाचं,
आणि गवतातून वर आलेले तीन पाईप
श्वास घेतात.
आत काय, ते विचारायचं नसतं.
तसा आम्ही राखणदारही कुठे पाहिलाय?
भिवा गुरव सांगायचा, तो दिसत नाही
म्हणून तर शीव शाबूत.
सुरुंग लागले त्या दोन वर्षांत
वाडीच्या विहिरी पाच हात खाली गेल्या,
भिवाही गेला.

गाऱ्हाणं घालायला उभा राहिलो
तर हुंकार द्यायला मागे कोणी नाही.
टोप्पो बंदूक सावरत म्हणाला, मला शिकव.

बा राखणदारा, बारा वाड्यांच्या धन्या...
“व्हय म्हाराजा.”
तुझ्या पाठी डोंगराच्या पोटात
जां काय निजलेलां आसा...
“व्हय म्हाराजा.”
तां निजलेलांच ऱ्हवांदे.

टोप्पो गप्प.
खाली खाडीत कुणाचं तरी मशीन सुरू होईना,
फट् फट् करून बंद पडत होतं.
मग तो दोनदा म्हणाला,
दुसऱ्यांदा टोपी काढून.

उतरताना रजिस्टर:
नारळ निरंक, कोंबडा निरंक.
मोबाईल परत.
सहीला पेन उठेना,
त्याने तळहातावर घासून दिलं.