बंदीचे दोन महिने

एक जूनला होड्या ओढून वर घेतल्या
आणि त्याच संध्याकाळी आमची खातेवही उघडली.
दिवाळ्याच्या जेट्टीमागे, बर्फाच्या कारखान्यात, पत्र्याखाली
सेक्रेटरी, आल्मेडा सर, जयंतीभाईंचा पुतण्या
आणि मी, खजिनदार,
तुर्भ्याच्या बाजारात तीस वर्षं कांद्याच्या पट्ट्या लिहिलेला माणूस.

जयंतीभाईंनी यंदा चार लाख दिले.
कांदा चढला होता.
उतरला तर पुढच्या हंगामात काय, हे मी विचारलं.
पुतण्या हसला.

मैदानाचं भाडं, अनामत, चुन्याच्या गोणी,
बिजूचे ग्लोव्हज, रुग्णवाहिका,
चेंडू बारा, पैकी चार दरवर्षी खाडीत जातात
म्हणून सोळा.
इथवर सगळे जांभया देत होते.

मग मोबाईल निघाला.
कोल्हापूरचा संग्राम साळोखे, वय बावीस,
पेठेशी बिनसलं म्हणून मोकळा.
तीन मिनिटांत नऊ गोल दाखवले त्याने.
हुकलेले कोणी चित्रित करून ठेवत नाही.
मागणी: दीड लाख, खोली, रोज चार अंडी.
अंड्यांवर लगेच एकमत झालं.

पण तो यायचा तर कोणीतरी जायला हवं.
हिराजी तांडेल, स्टॉपर, पस्तीस पूर्ण,
चौदा हंगाम, साठ हजार,
उजव्या गुडघ्यात पाणी.

सर म्हणाले, वय बघा.
सेक्रेटरी म्हणाले, माणूस बघा.
पुतण्या म्हणाला, मारलेले गोल दिसतात,
अडवलेले कोण मोजतं?
ते खरंच होतं.
सडण्यावाचून वाचलेल्या कांद्याची
वेगळी पट्टी मीही कधी लिहिली नाही.

आमच्याकडे एक शिक्का आहे, जांभळ्या शाईचा:
मुक्त खेळाडू.
शब्द असा, की वाटावं आपण पिंजऱ्याचं दार उघडतोय.
अर्थ एवढाच, की उद्यापासून
याच्या गुडघ्याचं बिल माझ्याकडे येणार नाही.
शिक्का मीच मारला.
पुसट उठला म्हणून पुन्हा मारला.

पत्र द्यायलाही मीच गेलो.
तो ताडपत्रीखाली जाळं सांधत बसला होता,
दोरी डाव्या अंगठ्यात अडकवलेली,
उजवा पाय लांब, आपला नसल्यासारखा.
वाचलं. पुन्हा वाचलं.
घडी करून सुतळीच्या डब्यात ठेवलं.

'कोन येतंय?'
'कोल्हापूरचा.'
'उंच हाय?'
'बऱ्यापैकी.'
'मग कॉर्नरला मागं बोलवा त्याला.
आनि तीननंतर वारा खाडीकरून फिरतो,
चेंडू हवेत थांबल्यासारखा होतो,
ते सांगा.
त्याला कोन सांगनार नाय.'

मी निघालो तर मागून हाक:
'गोलाच्या जाळीला किती धरलंव?'
साडेसहा हजार, मी म्हणालो.
असा हसला की शेजारच्या होडीतला माणूस उठून बसला.
'जुनी घेऊन या. बंदी उठेपर्यंत
मला तरी काय काम?'

तिसऱ्या दिवशी स्कूटरवर बांधून जाळी आणली.
तिला बोंबलाचा वास होता.
रात्री वही घेऊन बसलो.
जाळी दुरुस्ती, पुढे काय?
शून्य लिहावं तर खोटं,
रक्कम लिहावी तर तो घेणार नाही.
एक आडवी रेघ ओढली.
हिशोबनीस विचारेल तेव्हा बघू.

जुलैत साळोखे आला, ट्रंक आणि लाल माती लागलेले बूट घेऊन.
पावसाने उघडीप दिली तेव्हा
पहिला फटका त्याने उजव्या कोपऱ्यात मारला.
जाळी मागे झुकली, झुकत राहिली,
आणि चेंडू परत आला नाही,
तिथेच राहिला, पकडल्यासारखा.

'कोणी विणली ही?'
'आमच्या स्टॉपरने.'
'कुठं खेळतो?'
'सध्या कुठे नाही,' मी म्हणालो. 'मोकळा आहे.'

साडेतीन वाजत आले होते.
त्याला बाजूला घेतलं
आणि वाऱ्याचं सांगितलं.