वाळूतली सावली

पुराचं पाणी तीन दिवस गोदामात होतं.
उतरलं तेव्हा प्लायवूडच्या थप्प्या
भिजल्या वहीसारख्या फुगलेल्या,
पान न् पान सुटलेलं.
शेठ म्हणाले, पांचाळ, भंगारात दे.

एक पान उचललं. सागाचं,
कांद्याच्या पापुद्र्याइतकं.
बल्बपुढे धरलं तर उजेड आला त्यातून.
बावीस वर्षं कारेलीबागेत कपाटं ठोकली,
लाकडातून पलीकडे
कधी पाहिलं नव्हतं.

गच्चीवर वाळत घातली सगळी
गाद्यांच्या शेजारी. शालन चिडली.
तारेच्या करवतीखाली पहिलं फाटलं,
दुसरंही. नवव्याला कळलं,
करवत ढकलायची नसते,
लाकूड फिरवायचं तिच्याभोवती.

मगर करायची होती,
पुरात आमच्या ओट्यावर येऊन बसली ती,
विश्वामित्रीतली.
पाठ शिसवाची, पोट शिवणीचं, पाणी सागाचं.
जमली. पण सपाट,
पोस्टाच्या तिकिटासारखी.

सावली शिकवली मांडवीच्या नझीरभाईनं,
त्याला न कळता.
तापल्या वाळूत तो शिंग परतत होता.
खिशातला तुकडा मी कडेपुरता खुपसला,
दहा मोजले.
कड करपलेली, आत आत विरत गेलेली.
झारा थांबवून तो म्हणाला,
मिस्त्री, ए ना खवाय!

आता दर बुधवारी जातो.
पुडीभर शिंग घेतो, खवले भाजून आणतो.
चाळीस झाले. पाठ
पाण्यातून वर येऊ लागलीय.

डोळा तेवढा राहिलाय.
शालन म्हणते, नकोच बसवू,
रात्री उठावं लागतं मला.