सक्रिय खिडकीचा रंग

अपडेट रात्री आलं. सकाळी
सगळ्या खिडक्यांच्या माथ्यावर एकच राखाडी पट्टी.
कुठली जागी, कुठली झोपलेली, कळेना.
केतकीनं ब्रिस्टलहून विचारलं होतं, बाबा, डोळा कसा आहे?
मी लिहिलं, मी बरा आहे,
एंटर मारलं,
आणि ते गेलं भलत्याच काळ्या खिडकीत.
यंत्रानं लगेच कळवलं:
मी. असा आदेश सापडला नाही.

बत्तीस वर्षं हडर्सफील्डच्या गिरणीत
शेड जुळवल्या मी. सुटाचं कापड.
नुसत्या नेव्हीचे एकोणीस प्रकार.
मॉरिस हेग लोकरीची लड उत्तरेच्या तावदानाशी धरायचा
आणि म्हणायचा, गॅझ, हा निळा खोटं बोलतोय.
(गजानन त्याच्या जिभेवर कधी मावला नाही.)
बोलतच असायचा तो निळा. दिवसाउजेडी एक,
दुकानातल्या ट्यूबखाली दुसराच.
दिवे बदलून बदलून त्याला पकडायचं,
त्याचाच आम्हाला पगार.

आता उजव्या डोळ्यात नवी काच,
डावा अजून इन्फर्मरीच्या यादीत.
उजव्यानं बघावं तर पडदा नीळ घातलेल्या धोतरासारखा,
डाव्यानं बघावं तर त्याच धोतरावर कुणी चहा सांडलेला.
साक्षीदार दोन, जबान्या दोन.

सेटिंग उघडलं. दिसणं, मग शैली, मग चौकट.
एका कामाला तीन टेबलं,
आणि प्रत्येक जण म्हणतो, साहेब, पलीकडे विचारा.
गडद निवडलं: मेनू गडद, त्यातली अक्षरंही गडद.
फिकं निवडलं: फायली फिकट झाल्या,
टर्मिनल मात्र ढिम्म.

शेवटी कंट्रोल आणि एच दाबलं,
तेव्हा टिंबाच्या बुरख्याआड बसलेली फोल्डरं
एकेक करून बाहेर आली.
हवी ती फाइल त्यांच्यात होती. आधी तिची प्रत काढली;
मूळ लडीला कात्री लावायची नाही, हा मॉरिसचा दंडक.

रंग सांगा. सहा अक्षरांत.

मला आठवले चिंतामणी, आमसुली, श्रीखंडी.
इचलकरंजीच्या पेठेत नुसता शब्द टाकावा,
की ताग्यांच्या ढिगातून नेमका तोच निघायचा.
चिंतामणी, असं सरळ लिहून पाहिलं.
पुन्हा राखाडी. यंत्रानं ओळ वाचलीसुद्धा नाही.

मग हॅश, एक, एफ, सात, आठ, नऊ, सी.
उजवा म्हणे जरा निळा, डावा म्हणे जरा हिरवा.
आठाचा नऊ केला, नवाचा ए.
चार वाजता कॅसल हिलचा मनोरा काळोखात गेला,
म्हणजे माझा उजेडच बदलला,
म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.
सहाच्या सुमारास उलगडलं:
रंग केव्हाचा बरोबर होता,
ओळीच्या शेवटी अर्धविराम तेवढा राहिला होता.

लॉगआउट. लॉगइन.
जी खिडकी जागी, तिच्या कपाळी चिंतामणी.
बाकीच्या निमूट राखाडी.
कॅल्क्युलेटर एकटा पांढरा फटफटीत;
तो म्हणे आपला बाडबिस्तारा घेऊन वेगळ्या डब्यात राहतो,
घरची थीम मानत नाही.
मॉरिस असता तर अख्खा लॉट परत पाठवला असता.
मी पास केला.

केतकीच्या खिडकीवर क्लिक केलं. पट्टी उजळली.
डावा डोळा झाकून पाहिलं. मग उजवा झाकून.
मी बरा आहे, लिहिलं,
एंटर मारण्याआधी पुन्हा एकदा वर पाहिलं.

बाबा, तिचं उत्तर आलं,
मी सकाळी विचारलं होतं.
जेवलात का?